समोर बसून जेवायचं काम

मानवजातीची सेवा करायची असेल तर माणसाने एकदा तरी समुद्र ओलांडला पाहिजे, असं माझं ठाम मत होतं. हे मत मी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना रोज ऐकवत असे. शेवटी मंडळींनीच वैतागून एका परदेशी संस्थेचा अर्ज शोधला, माझ्या वतीने भरला आणि मला फक्त सही करायला लावली. मी गेलो. सदुसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, दोन विमानं बदलून मानवजातीच्या सेवेला हजर झालो. तिथे मला जे काम मिळालं ते जेवायचं होतं.

थट्टा करत नाही. मोजे विणायच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या तळमजल्यावर मोठं स्वयंपाकघर होतं. तिथून रोज दुपारी वस्तीतल्या साठ एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे डबे जात. स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात मुकादमीणबाई म्हणू लागलो, कारण त्यांच्या खांद्यावर पंचा आणि हातात लांब पळी असे, आणि ती पळी त्या ढवळायला कमी अन् दाखवायला जास्त वापरत.

"पूर्वी आम्ही डबे दाराशी ठेवून यायचो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी भरलेले परत यायचे. एकट्याने घास उतरत नाही माणसाला. म्हणून आता प्रत्येक घरी दोन डबे जातात, एक त्यांचा आणि एक तुमचा. तुम्ही समोर बसून जेवायचं."

"आणि?"

"आणि काही नाही. त्यांचं संपायच्या आधी उठायचं नाही. ते जमलं तरी पुष्कळ झालं."

मला हसू आलं. जेवायचा मला सदुसष्ट वर्षांचा दांडगा अनुभव होता, शिफारसपत्र लागलं असतं तरी मिळालं असतं.

माझ्या वाट्याला ज्या बाई आल्या त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, लिफ्ट नव्हती, अठ्ठेचाळीस पायऱ्या. बत्तीस वर्षं त्यांनी कोट शिवायच्या कारखान्यात फक्त काजं केली होती. दार उघडल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या कोटाचं दुसरं बटण चिमटीत धरून त्या म्हणाल्या, "हे कोणी केलंय? हे काज नाही, ही जखम आहे."

त्या दिवसापासून त्या माझ्या लेखी शिंपीणबाई झाल्या. आमचं बोलणं त्यांच्या मोडक्या आणि माझ्या त्याहून मोडक्या इंग्रजीत चालत असे. इथे ते धड मराठीत लिहितोय, त्यामुळे आम्ही दोघंही होतो त्यापेक्षा शहाणी वाटू. त्याला माझा इलाज नाही.

डबा उघडला. सूप, पाव, उकडलेले बटाटे, कसलीशी पालेभाजी. आणि या सगळ्याला, अगदी पावालासुद्धा, लसणाचा वास.

आता इथे सांगून टाकतो. मला लसूण चालत नसे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आमटीला लसणाची फोडणी बसली आणि मी भरल्या ताटावरून उठलो. हिने दुसऱ्या दिवशी घरातला सगळा लसूण शेजारी देऊन टाकला. त्यावर मी एक विनोद तयार केला आणि तो पुढे चाळीस वर्षं प्रत्येक लग्नामुंजीत, बारशात, पंगतीत सांगितला. "मी हिला स्पष्ट सांगितलं, या घरात एक तर मी राहीन नाहीतर लसूण. हिने घाईघाईत मला ठेवून घेतलं, अजून पस्तावतेय!" पंगत हसायची. हीसुद्धा वाढता वाढता हसायची.

ही जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

पण परक्या घरी पाहुण्याने नाक कसं मुरडायचं? समोर चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, तिने माझ्यासाठी टेबलावरचं मेणकापड पुसलेलं. मी श्वास रोखला आणि सहा मिनिटांत डबा साफ केला.

कारखान्यावर परत आलो तर मुकादमीणबाईंनी वही पुढे केली. वहीत प्रत्येक घराचं पान होतं आणि रोजचे चार रकाने: पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. पाचवा रकाना आवडीनिवडीचा.

"किती जेवल्या?"

"जेवल्या की. छान जेवल्या."

"किती ते विचारतेय. बटाटा खाल्ला? पाव कुठला खाल्ला, कडेचा की मधला? ताटात काय ठेवलं?"

पस्तीस वर्षं मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. दुकानदाराच्या पारड्याखाली चिकटवलेला चिंचोका मी रस्त्यावरून ओळखत असे. पण समोरच्या माणसाच्या ताटात काय उरलं ते मला सांगता येईना.

"तुमचं किती वेळात झालं?" त्यांनी विचारलं.

"सहा मिनिटांत."

"का? आग लागली होती?"

मग मी जेवायला शिकलो. या वयात शिकलो. एक घास, मग चमचा खाली ठेवायचा, मग समोर बघायचं. पहिले आठ-दहा दिवस फार अवघड गेले. हाताला वर्तमानपत्राची सवय, तो सारखा काहीतरी चाचपायचा. शिंपीणबाईंनी एकदा विचारलंसुद्धा, "काही हरवलंय का तुमचं?"

हळूहळू दिसायला लागलं. त्या सूप सगळ्यात शेवटी पितात, तेही निवल्यावर. गाजर दिसलं की ते एखादा वाईट टाका उसवावा तसं अलगद बाजूला काढतात. पावाचा कडेचा तुकडा आधी उचलतात आणि पहिल्या घासाला डोळे मिटतात. बटाटा काट्याने चेचतात आणि त्यावर मीठ टाकताना एकदा माझ्याकडे चोरून बघतात, कारण डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं असतं. मी तेव्हा नेमका खिडकीबाहेर बघत असे. वहीत लिहीत असे: "बटाटा पूर्ण." मिठाचा उल्लेख मी केला नाही. खात्यात असतानाही मी इतकी सूट कुणाला दिली नव्हती.

परदेशाची संस्कृती बघायला लोक वस्तुसंग्रहालयात जातात. मला ती अठ्ठेचाळीस पायऱ्यांवर भेटली. पहिल्या मजल्यावरचा न्हावी माझी वाट बघत दारात उभा असे आणि डब्याचा वास घेऊन आज काय आहे ते ओळखून दाखवत असे. दुसऱ्या मजल्यावरच्या जावा एकमेकींशी बोलत नसत, म्हणून एकीचा निरोप दुसरीला मीच देत असे. मला भाषा येत नव्हती, त्यामुळे निरोप बिनविषारी पोचत आणि त्या घरात माझ्या काळात बरीच शांतता नांदली. आणि लसूण? महिन्याभरात सवय झाली. दुसऱ्या महिन्यात तर एकदा सूप अळणी लागलं म्हणून बघतो तर त्यात लसूण कमी होता. मी स्वतःशीच हसलो. म्हटलं, हिला सांगितलं तर हिचा विश्वास बसणार नाही.

आवडीनिवडीच्या रकान्यात माझं पान सगळ्यात भरलेलं होतं. मुकादमीणबाई ते नव्या लोकांना दाखवत. "हे बघा, असं बघायचं असतं."

असाच एक दिवस. शिंपीणबाई सूप निवायची वाट बघत होत्या.

"तुमची बायको काय आवडीने खायची?" त्यांनी विचारलं.

साधा प्रश्न. एकेचाळीस वर्षांच्या संसाराला विचारायला अगदीच सोपा. समोर दिसतेय ती वाढणारी ही. पोळी पुढे करणारी ही. "अजून थोडं घ्या" म्हणणारी ही. आम्ही उठलो की मग ही बसायची. पण बसून काय खायची?

"वांगी," मी म्हणालो.

घरात आठवड्यातून तीनदा वांग्याची भाजी व्हायची, त्यावरून माझा आपला अंदाज.

"वांगी कशी?"

मी कशी ते सांगितलं. तेलावर परतलेली, मऊ, चमच्याने तुटतील अशी, वर दाण्याचं कूट. शिंपीणबाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग सूप पिऊ लागल्या.

स्वयंपाकघराची एक पद्धत होती. महिन्यातून एकदा एखाद्या पाहुण्या स्वयंसेवकाच्या घरचा पदार्थ साठही घरी जायचा. तिसऱ्या महिन्यात माझी पाळी आली, आणि काय करणार म्हणून मला कुणी विचारलंच नाही.

"वांगी," मुकादमीणबाई पळी उंचावून म्हणाल्या. "तुमच्या बाईंच्या आवडीची. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा निरोप आलाय. शुक्रवारी करा."

मला चहापलीकडे काही करता येत नाही. बुधवारी सकाळी मी लेकीला फोन लावला.

"बाबा, बरे आहात ना?"

"उत्तम. एक सांग, आई वांगी कशी करायची? तेल आधी की मोहरी आधी?"

"तुम्ही करणार? अहो, तिथली माणसं आधीच एकटी आहेत, बाबा."

"चेष्टा पुरे. आईच्या आवडीचा पदार्थ करायचाय साठ माणसांसाठी."

पलीकडचं हसू थांबलं.

"आईला वांगी आवडायची असं कोण म्हणालं?"

"मी."

"बाबा, आईला वांगं चालायचंच नाही. घशाला खाज सुटायची तिच्या. ओठ सुजायचे. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं होतं."

"मला कसं माहीत नाही?"

"तुम्ही पेपर वाचत होता."

"केव्हा?"

"नेहमीच."

लेक रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

"मग ती काय खायची?" मी विचारलं.

"मला आठवते ती कढई पुसून खाताना. आवडायचं म्हणाल तर... मलासुद्धा माहीत नाही हो, बाबा. मी तरी कुठे विचारलं? मावशीला विचारा."

माझी मेहुणी म्हणजे बोलायला लागली की समोरच्याला श्वास उसना घ्यावा लागेल अशी बाई. पण ही गेल्यापासून ती माझ्याशी फारशी बोलत नसे. मी विचारलं तेव्हा तिने आधी दोनदा खोकून घेतलं.

"रागावणार नाही ना, भाऊजी?"

"मी इतक्या लांब आहे. रागावून करणार काय?"

"ताईला लसूण आवडायचा."

मी खुर्ची ओढून बसलो.

"लहानपणापासून. अख्खा गड्डा भाजायचा, वरून मीठ-तेल, आणि गरम पोळीबरोबर. माझ्याकडे वर्षातनं दोन दिवस यायची ना, आल्या आल्या पिशवी ठेवायच्या आधी म्हणायची, गॅस पेटव. चार-चार गड्डे खायची एकटी. बोटं चाटायची. मी म्हणायची, अगं ताई, घरी भाज की एखादा, ते ऑफिसला गेल्यावर. तर म्हणायची, नको गं, त्यांचं नाक फार तीक्ष्ण, वजनमापंवाले ते. परत जाताना बडीशेपेची पुडी बांधून न्यायची. बसमध्ये सगळा रस्ताभर खात जायची. वास राहायला नको तुम्हाला."

बडीशेप मला आठवली. माहेरपणाहून आली की हिच्या तोंडाला बडीशेपेचा वास असायचा. मी एकदा म्हणालोही होतो, तुझी बहीण चांगली खातिरदारी करते, जेवणावर मुखवास पण देते.

"भाऊजी? आहात का?"

"आहे."

"तुमचा तो विनोद चांगला होता हो. आम्ही सगळे हसायचो. ताईपण."

फोन ठेवला आणि डबे घ्यायला गेलो. त्या दिवशीही सूप होतं. शिंपीणबाईंसमोर बसलो, झाकण काढलं, वास आला. एका अनोळखी बाईला वाईट वाटू नये म्हणून मी तीन महिने हे मुकाट्याने खाल्लं होतं. घरच्या बाईसाठी एक दिवस खाल्लं नव्हतं.

"आज चमचा खालीच आहे तुमचा," शिंपीणबाई म्हणाल्या.

"पोट बरं नाही," मी सांगितलं. हेही खोटंच होतं, पण वांग्याइतकं नाही.

शुक्रवारी पहाटे कारखान्यावर गेलो तर दाराशी वांग्यांची दोन पोती उभी. काळीभोर, तुकतुकीत. मुकादमीणबाईंनी सुऱ्या ओळीने मांडून ठेवलेल्या.

"वांगी रद्द," मी म्हणालो.

"रद्द म्हणजे? बाजारात जाऊन एकेक निवडून आणलीत मी. का रद्द?"

"बायकोला चालत नाहीत."

माझी बायको हयात नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, अर्जातच लिहिलेलं होतं. त्यांनी पळी खाली ठेवली. आणि मग, चूल पेटवण्याआधी घरच्या माणसाला विचारावं तशा सहज म्हणाल्या, "बरं. मग काय चालतं त्यांना?"

"लसूण," मी म्हणालो. त्यांनी कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळे पुसायचे तर मला तेवढं निमित्त. कांद्याची त्या दिवशी कशालाच गरज नव्हती.

घरटी दोन असे एकशेवीस गड्डे भाजले. वरचा शेंडा कापायचा, तेल सोडायचं, मीठ, आणि भट्टीत. मेहुणीला फोनवर धरून ठेवलं होतं, ती तिकडून ओरडत होती, "काढू नका इतक्यात भाऊजी, पाकळी पिळली की बाहेर आली पाहिजे!" भट्टीतून वास उठला आणि सगळा तळमजला भरून गेला. मी नाक धरलं नाही. तिथेच उभा राहिलो, खोल श्वास घेत. हिने दोन दिवसांसाठी जिवापाड जपलेला वास तो हाच.

पहिल्या मजल्यावर न्हाव्याने डबा हुंगला आणि म्हणाला, "नुसता लसूण?" म्हटलं, नुसता.

शिंपीणबाईंनी झाकण काढलं. गड्ड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"वांगी कुठायत?"

मग मी सांगितलं. वांगी खोटी होती, ती माझीच आवड होती, आणि तिला तर ती खाताच येत नसत.

"मला माहीत होतं," शिंपीणबाई म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"सांगताना तुमच्याच तोंडाला पाणी सुटलं होतं."

"मग स्वयंपाकघरात निरोप कशाला धाडलात?"

"मला आवडतात वांगी."

आवडीनिवडीचा रकाना मी काठोकाठ भरला होता. त्यात वांगी नव्हती.

त्यांनी एक पाकळी पिळली, पावाच्या कडेच्या तुकड्यावर पसरली आणि खाल्ली. डोळे मिटले. मीही एक पाकळी पिळली. मऊ होती, गोडसर, जिभेवर विरघळणारी. तिखटपणा औषधालासुद्धा नव्हता. एवढ्याशा गोष्टीवरून मी भरलं ताट टाकून उठलो होतो, आणि पुढे चाळीस वर्षं त्यावर हशा वसूल केला होता.

आणि मग मी बोलत सुटलो. भाजलेल्या गड्ड्याचं, बहिणीच्या गॅसचं, बसमधल्या बडीशेपेचं. शब्द संपले तिथे मराठीत बोललो. त्यांना कळलं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी मला थांबवलं नाही.

"बाई, तुम्ही पाव कसा मोडता ते मी डोळे मिटून सांगेन," मी म्हणालो. "तुम्ही गाजर कुठल्या बाजूला काढता, सूप किती निवल्यावर पिता. आणि ती एकेचाळीस वर्षं माझ्या घरात जेवली. डाव्या गालाने चावायची की उजव्या, मला सांगता येत नाही. आठवायला बसतो रात्रंदिवस. काही येतच नाही डोळ्यांपुढे. मी बघितलंच नाही हो. एकदासुद्धा बघितलं नाही. आता कुठे बघू?"

शिंपीणबाई खात राहिल्या, संथपणे, एकेक पाकळी. मी थांबलो होतो. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवावा, किंवा तुम्ही फार वाईट माणूस आहात असं म्हणावं, दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. मी इतकी लांबची वाट तुडवून बहुधा तेवढ्यासाठीच आलो होतो.

बऱ्याच वेळाने त्या चावायच्या थांबल्या. माझ्याकडे टक लावून पाहिलं. त्यांचे ओठ जरा थरथरले.

"एक कराल माझं?"

"सांगा ना," मी म्हणालो. "काहीही सांगा."

"जरा भिंतीकडे तोंड करून बसा. कवळीखाली साल गेलंय, तेवढं काढून घेते."